कोण जिंकलं ते आठवेना: उन्हाळी बेसबॉलच्या चाहत्याला मोजायचं कसं?

गेल्या जूनमधली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते, मी नुकतीच मैदानावरून घरी आले होते आणि पुण्याहून आईचा फोन आला. तिकडे सकाळ. "मॅच होती ना आज? कोण जिंकलं?" तिनं विचारलं आणि मला पटकन सांगता येईना. आमच्या शॉर्टस्टॉपची आजी टेक्सासहून पहिल्यांदाच त्याचा सामना बघायला आली होती, हे मला आठवत होतं. पाचव्या इनिंगमध्ये पाऊस आला, पोरांनी ताडपत्री ओढली आणि मग तिच्यावरूनच घसरगुंडी केली, तेही आठवत होतं. नवा डावखुरा पिचर चेंडू टाकण्याआधी दर वेळी टोपी काढून परत घालतो, हे मी तिला रंगवून सांगितलं. पण शेवटचा आकडा काही केल्या आठवेना.

"मग कसली गं तू फॅन?" आई म्हणाली.

प्रश्न गमतीतला होता, पण माझ्या डोक्यात राहिला, कारण चाहता कोणाला म्हणायचं यावर भरपूर संशोधन झालेलं आहे आणि त्यातलं बरंचसं आईच्याच बाजूचं आहे. आज त्या संशोधनाबद्दल लिहिते. ते काय सांगतं, कुठे पटतं आणि माझ्या मते कुठे चुकतं, असं तिन्ही.

इथे नेहमी येणाऱ्यांना माझा पीएचडीचा विषय माहीत आहे: विनावेतन काम. इंटर्नशिप, स्वयंसेवा, "शिकायला मिळतंय ना" असं म्हणून करून घेतलेली कामं. बेसबॉलला मी गेले ती खरं तर या विषयापासून सुटका हवी म्हणून. सुटका काही झाली नाही, हे पुढे कळेलच.

आधी हा प्रकार काय आहे ते

अमेरिकेत कॉलेजचा बेसबॉल हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि मे-जूनमध्ये संपतो. सुटी लागली की वेगवेगळ्या कॉलेजांतली निवडक मुलं देशभरातल्या लहानमोठ्या गावांत जातात आणि तिथल्या स्थानिक संघाकडून दोन-अडीच महिने खेळतात. ऑगस्टमध्ये परत आपापल्या कॉलेजात. याला उन्हाळी कॉलेज बेसबॉल म्हणतात.

यातली सगळ्यात नावाजलेली लीग मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरची, केप कॉडची. दहा संघ, सगळा कारभार ना-नफा तत्त्वावर, तिकीट नाही. सामना सुरू असताना प्रेक्षकांत टोपी फिरवून वर्गणी गोळा करतात. अलास्कात फेअरबँक्स इथे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी रात्री उशिरा सामना सुरू होतो आणि दिवे न लावता, मध्यरात्रीच्या उजेडात पूर्ण होतो. १९०६ पासूनची प्रथा आहे ही. आणि आमच्याकडे, म्हणजे विस्कॉन्सिन, मिनेसोटा या पट्ट्यात, १९९४ साली सुरू झालेली नॉर्थवुड्स लीग आहे. इथले संघ खासगी मालकीचे आहेत आणि नफ्यासाठी चालतात. हंगाम मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि तेवढ्यात प्रत्येक संघ ७२ च्या आसपास सामने खेळतो. म्हणजे जवळपास रोज सामना, आणि मधल्या रात्री बसमध्ये.

मुलं इतक्या लांब येतात त्याचं मोठं कारण लाकडी बॅट. कॉलेजात धातूच्या बॅटनं खेळतात, व्यावसायिक बेसबॉलमध्ये मात्र लाकडीच लागते. केप कॉडनं १९८५ मध्ये लाकडी बॅट परत आणली, तेव्हापासून मोठ्या संघांचे निवडकर्ते तिथे वही घेऊन बसतात. धातूच्या बॅटनं धावा कुटणारा मुलगा लाकूड हातात आल्यावर काय करतो, हे त्यांना बघायचं असतं. बाकीच्या उन्हाळी लीगही याच वाटेनं गेल्या.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा लेख त्यांच्यावर उभा आहे. पहिली, या मुलांना खेळण्याचा पगार मिळत नाही. कॉलेजकडून खेळायची पात्रता टिकवायची असेल तर ते हौशी खेळाडू असायला हवेत. दुसरी, ती राहतात गावातल्या लोकांच्या घरी. यजमान कुटुंब त्यांना खोली देतं, बहुतेक ठिकाणी जेवणखाणही बघतं, आणि त्याबदल्यात सहसा हंगामाची तिकिटं मिळतात.

मी राहते त्या मॅडिसन शहराची कथा या बाबतीत बोलकी आहे. इथे आधी पगारी खेळाडूंचे संघ होते. १९८२ ते १९९३ मॅडिसन मस्कीज. ते गेले, मग १९९४ मध्ये हॅटर्स, ते एका हंगामात गेले. १९९६ ते २००० ब्लॅक वुल्फ, तेही नेब्रास्काला गेले. २००१ मध्ये त्याच वॉर्नर पार्कच्या मैदानावर मॅलार्ड्स हा उन्हाळी संघ आला, आणि तो टिकला. नुसता टिकला नाही, तर वर्षानुवर्षं आपल्या लीगमध्ये सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या संघांत गणला जातो. पगारी खेळाडूंचे तीन संघ आले नि गेले, आणि गावाचं प्रेम बसलं ते बिनपगारी मुलांवर. का?

संशोधन काय म्हणतं

चाहत्यांवरच्या संशोधनात एक प्रयोग हटकून सांगितला जातो. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तो १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी सात विद्यापीठांमध्ये दर सोमवारी वर्गात बसलेल्या मुलांचे कपडे मोजले. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असेल, तर सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले शर्ट जास्त दिसायचे. मग त्यांनी विद्यार्थ्यांना फोन करून सामन्याबद्दल विचारलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल बोलताना मुलं "आम्ही" म्हणण्याकडे झुकत आणि हरलेल्याबद्दल बोलताना "ते". दुसऱ्याच्या तेजात आपण थोडं उजळून घेतो, असा याचा अर्थ लावला गेला.

पुढे १९९३ मध्ये डॅनियल वान आणि नायला ब्रान्सकोम्ब यांनी चाहत्याची संघाशी असलेली एकरूपता मोजायची एक प्रश्नावली केली. आजही ती सर्रास वापरली जाते. प्रश्न सातच, प्रत्येकाला एक ते आठ गुण. संघ जिंकणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? तुम्ही स्वतःला किती पक्के चाहते समजता? मित्र तुम्हाला काय समजतात? हंगामात संघाच्या किती मागावर असता? प्रतिस्पर्धी संघ किती नावडतात? संघाचं चिन्ह किती मिरवता? अशा धर्तीचे.

मी ती माझ्या संघासाठी प्रामाणिकपणे भरली. घरच्या मैदानावरच्या ३६ पैकी २२ सामन्यांना मी हजर होते. टोपी आहे, शर्ट आहे. मैत्रिणी मला जूनमध्ये संध्याकाळी फोन करत नाहीत, कारण मी कुठे असेन हे त्यांना ठाऊक असतं. तिथे सहा-सात गुण सहज पडले. पण जिंकण्याच्या प्रश्नाला मी स्वतःला दोन दिले आणि प्रतिस्पर्ध्यांच्या नावडीला एक. ग्रीन बे किंवा ला क्रॉसच्या संघाबद्दल मला काहीच वाटत नाही. तीही अशीच कुणाकुणाच्या घरी राहणारी पोरं. बेरीज ५६ पैकी ३४ झाली. म्हणजे मी धड कट्टर नाही, धड उदासीनही नाही. थोडक्यात, आईला जे वाटलं तेच प्रश्नावलीलाही वाटलं.

वान यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगते. २००६ मध्ये त्यांनी जे प्रारूप मांडलं, ते जिंकण्या-हरण्यापलीकडे जातं. स्थानिक संघाशी जोडलेल्या माणसाला त्या संघामुळे माणसं मिळतात, ओळखी टिकतात, एकटेपणा कमी होतो आणि त्यातून मनाला बरं वाटतं, असं ते म्हणतात. लांबच्या, टीव्हीवरच्या संघापेक्षा गावातल्या संघाचा हा फायदा जास्त. परक्या देशात पीएचडी करणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात विद्यापीठ रिकामं झालं होतं आणि दुकानदाराशिवाय दिवसभर कुणाशी बोलणं व्हायचं नाही. मला माणसं मिळाली ती त्या मैदानावरच्या पाचव्या रांगेत. हे प्रारूप माझ्यापुरतं शंभर टक्के खरं आहे.

तरीही त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. चाहता बघणारा आणि खेळाडू बघितला जाणारा. दोघांच्या मध्ये कुंपण. चाहत्याला काय वाटतं, काय मिळतं, हे मोजायचं. खेळाडू म्हणजे ज्याच्याकडे बघून वाटायचं ती गोष्ट.

पाचव्या रांगेत काय दिसतं

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या घरी दर उन्हाळ्यात दोन मुलं राहतात. त्या त्यांना "माझी मुलं" म्हणतात आणि कितवी जोडी ते बोटांवर मोजून सांगतात. मी पहिल्या वर्षी त्यांच्या शेजारी बसले तेव्हा त्यांचा एक मुलगा तीन वेळा बाद झाला. मागच्या रांगेतला एक जण ओरडला. बाई वळल्यासुद्धा नाहीत. मला हळूच म्हणाल्या, "पहाटे साडेतीनला बसमधून उतरलाय. मीच दार उघडलं."

स्कोअरकार्डवर ही नोंद नसते. पण त्या मुलाचा खेळ समजायला ती लागते, आणि ती फक्त दार उघडणाऱ्या माणसाकडे असते. हळूहळू मलाही अशा नोंदी कळायला लागल्या. कोणाचा खांदा दुखतोय, कोणाला कॉलेज बदलायचंय, कोणाच्या वडिलांचा फोन आला की तो जेवत नाही. मग जिंकणं-हरणं आपोआप मागे पडतं. पाहुण्याच्या पोराचं बरं व्हावं एवढंच मनात उरतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं: या खेळातला पक्का चाहता मुळात यजमान असतो. ज्यांच्या घरी कोणी राहत नाही, ते माझ्यासारखे लोकही यजमानाच्याच नजरेनं बघायला शिकतात. मुलं दर वर्षी नवी, त्यामुळे खेळाडूवर जन्मभराची निष्ठा शक्य नाही. संघ बहुतेकदा हंगामाच्या मध्यावर अर्धा बदललेला असतो, म्हणून विजयाची सलगताही नाही. उरतं ते येणाऱ्याचं स्वागत आणि जाणाऱ्याला निरोप. सात प्रश्नांच्या त्या यादीत यातलं काहीच नाही.

इथे मराठीचा एक फायदा होतो. चाल्डिनींच्या इंग्रजीत "आम्ही" आणि "आपण" यांना एकच शब्द आहे. आम्ही जिंकलो म्हणताना समोरच्याला बाहेर ठेवता येतं, आपण जिंकलो म्हणताना तो आत येतो. शनिवारच्या विजयानंतर शर्ट मिरवणारी मुलं बहुधा "आम्ही" म्हणत असावीत. पाचव्या रांगेत चालतं ते "आपला". आपला शॉर्टस्टॉप, आपला डावखुरा. तीन आठवड्यांपूर्वी त्याचं नावही माहीत नव्हतं.

वार लावून जेवणं

माझे आजोबा कोकणातून पुण्याला शिकायला आले तेव्हा वार लावून जेवायचे. नव्या वाचकांसाठी: गरीब विद्यार्थी सात घरं ठरवून घ्यायचा, सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. पैसे द्यायचे नाहीत. ही सोय बहुतेक ब्राह्मण मुलांनाच मिळायची, हेही सांगायला हवं. कोणाला "आपला" म्हणायचं याची यादी तिथे आधीच ठरलेली होती. आजोबा त्या सात घरांविषयी आयुष्यभर कृतज्ञ होते. गुरुवारच्या घरातल्या आमटीची चव ऐंशीव्या वर्षीही सांगायचे.

पण ते आणखी एक गोष्ट सांगायचे. त्या सातही घरांत त्यांनी कधी कशाला नाही म्हटलं नाही. दळण आणा म्हटलं, आणलं. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाचा अभ्यास घ्या म्हटलं, घेतला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. "ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी हिशेब कसा करायचा?" असं ते म्हणायचे.

मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं शंभर वर्षांपूर्वी भेटीवर जो निबंध लिहिला, त्याचं सार आजोबांच्या त्या एका वाक्यात येतं. भेट फुकट नसते. घेणाऱ्यावर काहीतरी परत करण्याचं बंधन येतं, आणि ते बंधन लेखी नसल्यामुळे मोडताही येत नाही. त्या बाईंच्या तळघरात भिंतीवर तुटलेल्या बॅटी टांगल्या आहेत, प्रत्येकीवर सही. मुलं नाताळात पत्रं पाठवतात, एकानं लग्नाला बोलावलं. भेटीची परतफेड अशी होते आणि ती सुंदर आहे.

अडचण अशी की या व्यवहारात तिसरा पक्षही आहे.

मग पैसा कुठे जातो

खासगी मालकीच्या उन्हाळी संघात तिकीट विकलं जातं, बिअर विकली जाते, कुंपणावरच्या जाहिराती विकल्या जातात, टोप्या विकल्या जातात. बस चालवणाऱ्याला पगार असतो, अंपायरला मानधन असतं. ज्यांना बघायला हजारो लोक आले त्या पंचवीस-तीस मुलांना तेवढं मिळत नाही. त्यांचा राहण्याचा खर्चही संघावर पडत नाही, कारण तो पाचव्या रांगेतल्या बाई उचलतात. माझ्या प्रबंधाच्या भाषेत याला अनुदान म्हणतात. सरकारनं उद्योगाला द्यायचं ते अनुदान इथे एक सेवानिवृत्त बाई अंड्यांच्या रूपात देते.

हे सगळं मोजमापातून कसं निसटतं, ते एका उदाहरणानं सांगते. टेनेसीतलं एलिझाबेथटन हे छोटं गाव. तिथे १९७४ पासून मिनेसोटा ट्विन्सचा एक कनिष्ठ संघ खेळायचा, ॲपलाचियन लीगमध्ये. खेळाडू नवखे, पगार तुटपुंजा, पण पगार होता. २०२० च्या अखेरीस मेजर लीग बेसबॉलनं कनिष्ठ संघांची फेररचना केली. संलग्न संघ १२० वर आणले, बाकीचे बाहेर पडले. ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, आधी ४० फेऱ्यांची होती, ती २०२१ पासून २० फेऱ्यांची झाली. आणि ॲपलाचियन लीग बंद न करता उन्हाळी कॉलेज लीग करून टाकली. एलिझाबेथटनमध्ये संघाला नवं नाव मिळालं, रिव्हर रायडर्स.

आता समजा, ती सात प्रश्नांची यादी घेऊन कुणी त्या गावात २०१९ मध्ये गेलं असतं आणि पुन्हा २०२१ मध्ये. गाव तेच, संध्याकाळ तीच, शेजारी बसणारी माणसं तीच. कदाचित गुणही तेच पडले असते. मैदानातल्या मुलांचा पगार शून्य झाला, एवढा मोठा बदल यादीला कळलाच नसता. माझा आक्षेप इथे आहे. चाहत्याची एकरूपता मोजणारं साधन चाहत्याला खेळाडूबद्दल एकही प्रश्न विचारत नसेल, तर ते एकरूपता मोजतं आहे असं कसं म्हणायचं?

याच काळात शेजारच्या अंगणात काय झालं तेही बघा. मायनर लीगचे पगारी खेळाडूही पूर्वी यजमान कुटुंबांकडे राहायचे. त्यांनी आवाज उठवल्यावर २०२२ पासून बहुतेकांच्या राहण्याची सोय मोठ्या संघांवर आली. त्याच वर्षी ते खेळाडू संघटनेत सामील झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. लो-ए पातळीवरचा वर्षाचा किमान पगार सुमारे ११,००० डॉलरवरून २६,२०० डॉलरवर गेला. एलिझाबेथटनसारख्या दहा गावांतले संघ तोवर या कक्षेबाहेर गेले होते.

दुसरी बाजू

यावर लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण मी स्वतःशी तेच म्हणते. मुलांना हे हवं असतं. कोणी बांधून आणत नाही. ॲरन जज २०१२ मध्ये केप कॉडच्या ब्रूस्टरकडून खेळला. मॅक्स शर्झर आणि क्रिस सेल विस्कॉन्सिनमधल्याच ला क्रॉसकडून. पीट अलोन्सो २०१४ मध्ये आमच्या वॉर्नर पार्कवर खेळत होता. शिवाय जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, छबीवर जाहिरातीचे पैसे मिळवता येतात.

दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. या चौघांची नावं आपल्याला माहीत आहेत, कारण ते अपवाद आहेत. बाकीचे बहुतेक जण दोन-तीन उन्हाळे खेळतात आणि मग विमा कंपनीत किंवा शाळेत नोकरीला लागतात. आणि जाहिरातीचा पैसा मिळतो तो ज्याची छबी कुणाला हवी आहे त्याला. परदेशी मुलांना तर विद्यार्थी व्हिसाच्या अटींमुळे तो जवळपास मिळतच नाही. तो व्हिसा माझ्याही पासपोर्टवर आहे, त्यामुळे त्यातलं बारीक अक्षर मला पाठ आहे.

"तू विद्यार्थी आहेस, कामगार नाहीस" हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. मी इथे पदवीच्या मुलांना शिकवते आणि त्याचा मला पगार मिळतो. तो आपोआप मिळायला लागलेला नाही. मॅडिसनमध्ये १९६६ साली शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांनी टीचिंग असिस्टंट्स असोसिएशन स्थापन केली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची इतकी जुनी संघटना अमेरिकेत दुसरी नाही. १९७० मध्ये त्यांनी संप केला आणि त्यातून करार मिळवला. २०११ च्या ॲक्ट १० या राज्याच्या कायद्यानं सरकारी कर्मचाऱ्यांचे सामूहिक वाटाघाटीचे हक्क फार आकुंचित केले, ती पुढची गोष्ट. पण माझ्या आधी या वर्गांत उभ्या राहिलेल्या कुणीतरी "शिकतोही आणि कामही करतो" असं म्हटलं, त्याचा पगार मी खाते आहे. मग पाचव्या रांगेत बसून मी नुसत्या टाळ्या वाजवायच्या का?

ताडपत्री

जुलैच्या शेवटी एकदा पुन्हा पावसानं खेळ थांबला. मुलं ताडपत्री ओढत होती, आणि मी बाईंना माझा सगळा सिद्धांत ऐकवला. भेट, बंधन, अनुदान. बोलता बोलता माझा सूर जरा चढलाच. तुमच्या मायेमुळे संघाचा खर्च वाचतो, मुलांना तक्रार करता येत नाही, असं काहीसं मी बोलून गेले.

त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ पावसाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त्यांना खाऊ घालते, कारण मला ते आवडतं. उद्या त्यांना पगार मिळायला लागला तर मी नाश्ता बंद करीन असं तुला वाटतं?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनीच पुढे विचारलं, "मग माझी अंडी तू त्यांच्या हिशेबात का धरतेस?"

गेले काही आठवडे मी या प्रश्नावर विचार करते आहे आणि मला वाटतं, माझ्या मांडणीत एक चूक होती. मी यजमानपणालाच दोष देत होते. प्रेम आहे म्हणून शोषण चालतं, असं म्हणायला सोपं जातं आणि परिषदेत ऐकायलाही बरं वाटतं. पण बाईंनी आपली भेट कधीच पगाराच्या जागी ठेवली नव्हती. ती तशी ठेवली व्यवस्थेनं, आणि तिच्यावर टीका करताना मीही तेच केलं. भेट बाईंची आहे, तिची परतफेड मुलं सही केलेल्या बॅटीनं करतात आणि तो हिशेब त्यांच्यात पूर्ण होतो. तिकिटाच्या पैशाचा हिशेब वेगळा आहे आणि तो अजून मांडलेलाच नाही. आजोबांना मीठ आणि दळण यांची गल्लत करावी लागली, कारण त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. संघमालकांपुढे आहे.

केप कॉडचं उदाहरण इथे उपयोगी पडतं, पण अर्धंच. तिथे नफा कमावणारा मालक नाही, त्यामुळे यजमानांची भेट कुणाच्या खिशात जात नाही. तरी तिथल्या मुलांच्या खेळावर पुढे मोठा धंदा उभा राहतो, आणि त्या धंद्यानं त्यांच्या उन्हाळ्याची किंमत द्यायला हवी का, हा प्रश्न तिथेही शिल्लक राहतोच.

चाहत्यांवर संशोधन करणाऱ्यांना माझी सूचना साधी आहे. त्या सात प्रश्नांत आठवा घाला: तुमच्या संघातल्या खेळाडूला काय मिळतं, हे तुम्हाला माहीत आहे का? मी सहज म्हणून आजूबाजूच्या खुर्च्यांवर विचारून पाहिलं. हे संशोधन नव्हे, गप्पा होत्या. बरेच जण म्हणाले, "काहीतरी देत असतीलच की." वर्षानुवर्षं येणारी, मुलांची नावं पाठ असलेली माणसं. मला वाटतं, आपलेपणा कुठवर पोचतो हे या एका उत्तरातून जितकं कळतं, तितकं टोप्या मोजून कळणार नाही.

मी मैदानावर जायचं थांबवलेलं नाही. ते मला जमणार नाही आणि त्यानं मुलांचं काही भलंही होणार नाही. पण आता शेजारी नवं कोणी बसलं की शॉर्टस्टॉपचं गाव सांगते तसं हेही सांगते की त्याला पगार नाही.

ऑगस्टमध्ये घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना झाला. सामना संपल्यावर मुलं कुंपणापाशी आली, यजमानांना मिठ्या मारल्या. बाईंच्या दोघांपैकी एकाची गाडी आधीच भरलेली होती, त्याला रात्रीच जॉर्जियाला निघायचं होतं. बाईंनी त्याला वाटेत खायला डबा दिला. मी घरी पोचले आणि सवयीनं आईचा फोन आला.

"कोण जिंकलं?"

या वेळी आठवत होतं. "आपण हरलो," मी म्हणाले.

"आपण?" आई म्हणाली. "मी कधी आले तिथे?"